भिंतीतला आरपार दगड

वाचकहो, आपल्या परंपरेत दोन भिंती आहेत. एक चालली आणि एक पडली.

चाललेल्या भिंतीची कथा घरातल्या लेकरालाही पाठ असते. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले, माउली भावंडांसह भिंतीवर बसलेली होती, आणि ती भिंतच त्यांना घेऊन सामोरी गेली. आळंदीला गेलेला वारकरी त्या भिंतीला हात लावल्याशिवाय परतत नाही. कीर्तनात ही कथा आली की पखवाजही जरा चढा बोलतो.

पडलेल्या भिंतीची कथा आपण तितक्या हौसेने सांगत नाही. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर चोखोबा राबत होते. कूस ढासळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. पुढे नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातली हाडे त्यांनी कानाशी धरली. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा नाद आला ती चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरीस आणली, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आजही नामदेव पायरीशी माथा टेकवण्याआधी आपण चोखोबांपाशी थांबतो.

संतचरित्रकारांना त्या हाडांतला नाद महत्त्वाचा वाटला आणि ते रास्तच आहे. मीही आयुष्यभर कीर्तनात ही कथा नादापाशी आणून थांबवत आलो. आज मात्र आपण थोडे मागे जाऊ आणि भिंतीपाशी उभे राहू. भिंत उभी कशाने राहते आणि पडते कशाने, हे पाहू. हा विषय गवंड्याचा आहे, बुवाला त्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण ज्या मराठवाड्यात मी कीर्तने केली, त्या मराठवाड्याला एका पहाटे भिंतींनीच मारले. तेव्हा हा विषय बुवालाही टाळता येत नाही.

आमच्या भागातले जुने घर कसे असे ते नव्या पिढीसाठी सांगतो. अंबाजोगाईपासून खाली लातूर, औसा, उमरग्यापर्यंत घराची एकच रीत होती. काळ्या दगडाची भिंत, चिखलात बांधलेली. दोन हात, अडीच हात रुंद, कुठे त्याहून जास्त. वर माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर फांद्या-काटक्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. खणांवर घर मोजायचे. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचे सात. उन्हाळ्यात बाहेर आग ओकत असली तरी आत गारवा. एका गावचे कीर्तन संपवून रात्री अशाच माळवदावर पथारी टाकायची आणि पहाटे उठून पुढच्या गावी निघायचे, असा आमचा क्रम असे. त्या घरांनी आम्हाला फार सुख दिले. म्हणून त्यांचे दोष सांगताना जीभ अडखळते, पण सांगितले पाहिजेत.

पहिला दोष डोक्यावर होता. माळवद पावसाळ्यात गळू नये म्हणून दर साली मृगाआधी त्यावर नवी माती पसरायची रीत होती. जुनी माती कोणी काढत नसे. आजाने टाकली, बापाने टाकली, नातू टाकतोच आहे. पिढ्यान् पिढ्या तो थर चढत जाई आणि कुठे कुठे हातभराच्या वर होई. घर जितके जुने तितके त्याच्या डोक्यावरचे ओझे मोठे.

दुसरा दोष भिंतीच्या पोटात होता, आणि तोच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. एवढी रुंद भिंत बाहेरून पाहणाऱ्याला एकसंध दिसते. ती एक नसते, दोन असतात. गवंडी बाहेरच्या अंगाला एक रांग लावी, आतल्या अंगाला दुसरी. चांगले तोंड असलेले दगड दोन्हीकडे दर्शनी लावायचे आणि मधल्या पोकळीत गोटे, कपच्या आणि चिखल भरायचा. म्हणजे दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या आणि मध्ये सुटा भराव. या दोघींना एकमेकींशी बांधणारे काहीच नाही. वरचे ओझे सरळ खाली येत असते तोवर त्या उभ्या राहतात, शंभर वर्षेही राहतात. पण पाणी मुरले, चिखल सुटला, की मधला भराव खाली सरकतो आणि पाचरीसारखा दोन्ही अंगांना बाहेर रेटतो. तेव्हा जुनी माणसे म्हणतात, भिंतीने पोट काढले. पोट काढलेली भिंत म्हणजे एकमेकींना सोडून निघालेल्या दोन भिंती.

आपण सारे या रुंदीला फसलो. रुंद म्हणजे बळकट, अशी समजूत. प्रत्यक्षात दोन अंगे सुटी असली तर रुंदीने फक्त ओझे वाढते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झालेले. दमून भागून गाव झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूमीखाली धक्का बसला. किल्लारी आम्हा अंबाजोगाईकरांपासून शंभरेक किलोमीटरवर. त्याआधी १९६७ साली कोयनेचा भूकंप महाराष्ट्राने पाहिला होता. पण आपला भाग त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. हादरा रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि कुठे कुठे माणसे त्यातून सुखरूप राहतात. आपल्याकडे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सरकारी मोजदादीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी, सास्तूर अशी गावेच्या गावे दगडमातीचा ढीग होऊन पडली.

भूकंपाचे जाणकार एक वाक्य नेहमी सांगतात की माणसे भूकंपाने मरत नाहीत, घराने मरतात. त्या पहाटे नेमके तेच झाले. धरणी आडवी हलली. आडवा धक्का सोसण्याची त्या भिंतींना सवयच नव्हती. जितके घर जड तितका धक्का मोठा, कारण हलवायचे ओझेच तेवढे. भिंतीचे बाहेरचे अंग एकीकडे गेले, आतले दुसरीकडे, मधला भराव कोसळला. कोपऱ्यात दोन भिंती भेटतात तिथे त्या उकलल्या. आधार सुटलेले माळवद आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या मातीसह झोपलेल्यांच्या अंगावर आले. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भिंतींपासून वेगळा आणि नीट सांधलेला होता, तिथे कितीतरी घरांत भिंती गळून पडल्या पण सांगाडा माळवद तोलून उभा राहिला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लाकडाच्या सांध्यांनी एकमेकांना धरले होते. दगडांना कोणी धरलेच नव्हते.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने दुसरे काम लोकांच्या आठवणीत कमी राहिले, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे. जी घरे तडकली होती पण उभी होती, ती पाडून टाकण्याऐवजी जागच्या जागी बळकट करायचे ठरले. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या भूकंप पुनर्वसनाच्या कार्यक्रमात १३ जिल्ह्यांतल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हाती घेतले गेले. सरकारी कागदावरचा हा शब्द, मजबुतीकरण, तेव्हा खेड्यातल्या म्हातारीच्याही तोंडी बसला. गवंड्यांना नवे शिक्षण मिळाले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घर कसे बांधावे हे आजवर ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्या बायका दारोदार जाऊन भिंत कशी सांधायची ते समजावू लागल्या.

आता ते मजबुतीकरण म्हणजे काय ते ऐका. त्यातली तत्त्वे चारच आहेत आणि कोणाच्याही ध्यानात राहतील.

पहिले, डोक्यावरचे ओझे उतरवा. माळवदावरची साठलेली माती खरवडून काढा, हलका थर ठेवा.

दुसरे, घराला कंबरपट्टा बांधा. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सळई घातलेल्या काँक्रीटचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवा. मडके तडकू नये म्हणून त्याच्या गळ्याला तार आवळतात, तसेच हे. चारही भिंती मग एकमेकींचा हात धरतात आणि कोपरा उकलत नाही.

तिसरे, खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरका टेकू द्या. चौकट हलली तरी चौकटच राहते, कलंडत नाही.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर, भिंतीत आरपार दगड घाला. आरपार म्हणजे ज्याचे एक तोंड बाहेर दिसते आणि दुसरे तोंड आत. भिंतीच्या रुंदीएवढा लांब एकच दगड. तो बाहेरच्या अंगालाही धरतो आणि आतल्यालाही. नवी भिंत बांधताना उभ्यात दर ६० सेंटीमीटरला आणि आडव्यात फार तर १.२ मीटरला असा एक दगड हवा, असे आपल्या देशाचे मानक सांगते. तेवढ्याने दोन भिंतींची एक भिंत होते.

जुन्या भिंतीत तो कसा घालायचा? भिंत पाडायची नाही. एका जागी दोन्ही अंगांचे एकेक दगड हलक्या हाताने सैल करून काढायचे. घण घालायचा नाही, नाहीतर शेजारचेही सुटतील. आतला भराव उकरून आरपार भोक पाडायचे, दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये चिंचोळे, अगदी डमरूसारखे. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. आठ-दहा दिवस पाणी मारायचे. डमरूची दोन तोंडे दोन अंगांना धरून ठेवतात, सुटू देत नाहीत. खर्च पाहिला तर थोडी खडी, थोडे सिमेंट आणि सळईचा एक तुकडा. त्यावर घरातल्या माणसांचे प्राण.

हे ज्ञान नवे होते का? मुळीच नाही. यादवकाळच्या बांधणीत दगडाला दगड बसवताना खाचा कोरून एकाला दुसऱ्यात अडकवत; आमच्या अंबाजोगाईचे सकलेश्वर मंदिर, ज्याला लोक बाराखांबी म्हणतात, त्याच काळातले. सिंधुदुर्गाच्या पायात शिवछत्रपतींनी शिसे ओतवले, लाटांनी चिरा हलू नये म्हणून. काश्मीरकडे विटांच्या भिंतीत लाकडाच्या चौकटी गुंफतात. हिमाचलात दगडाच्या थरांमध्ये लाकडाचे आडवे थर देतात. तिकडे भूकंप वरचेवर होतात, म्हणून तिथल्या कारागिराच्या हाताला ते ठाऊक आहे. आपल्याकडचा गवंडीही आरपार दगड ओळखत होता. चिरेबंदी वाड्यात तो लावी.

मग शेतकऱ्याच्या घरात तो का नव्हता? कारण सोपे आणि कडू आहे. दोन-अडीच हात लांब दगड खाणीत शोधावा लागतो, नीट फोडावा लागतो, चौघांनी वाहून आणावा लागतो. त्याला पैसा पडतो. शेताच्या बांधावरचे गोटे फुकट मिळतात. देवाच्या आणि राजाच्या भिंतीत जो दगड होता, तो गरिबाच्या भिंतीत पोचला नाही. विद्या होती पण ती वाटली गेली नव्हती. आपल्या संतांना याची ओळख पटवून द्यावी लागत नाही. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणताना त्यांनी नेमके हेच दुखणे पाहिले होते.

एक गंमत सांगतो. काँक्रीटमध्ये लोखंड घालायची युक्ती जगात ज्यांनी रुजवली, त्यांतला एक होता फ्रान्समधला माळी, जोसेफ मोनिए. त्याच्या बागेतल्या कुंड्या फुटत. त्याने सिमेंटच्या कुंडीत लोखंडी तारांची जाळी घातली आणि १८६७ साली त्याचा हक्क नोंदवला. आज ज्या सळईवर आपली धरणे, पूल आणि इमारती उभ्या आहेत, तिची एक मुळी अशी माळ्याच्या कुंडीत आहे. सावता महाराज आणि गोरोबाकाका यांच्या संप्रदायातल्या माणसाला हे ऐकून बरे वाटावे.

युक्तीमागचे कारणही समजण्यासारखे आहे. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. दाबा, ते दबणार नाही. ओढा, लगेच तडकेल. लोखंडाला ताण चालतो. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. शिवाय उन्हाने दोघे जवळजवळ सारखेच फुगतात, म्हणून त्यांचे बिनसत नाही. आणि सिमेंट आपल्या पोटातल्या लोखंडाला गंजापासून राखते. मात्र सळई पृष्ठभागाच्या फार जवळ आली किंवा काँक्रीट पोकळ राहिले की पाणी आत जाते, लोखंड गंजून फुगते आणि बाहेरचे काँक्रीट पोपड्यासारखे सुटते. तेव्हा सळई घातली म्हणजे झाले असे नाही. ती नीट झाकली पाहिजे, खांबातल्या उभ्या सळयांना रिंगा जवळजवळ हव्यात, आणि रिंगांचे आकडे आत वळवलेले हवेत.

हे मी का सांगतो आहे? हल्ली गावोगाव वर्गणीतून मंदिरांचे सभामंडप उभे राहतात. आनंदाची गोष्ट आहे. सप्ताह, पारायण, महाप्रसाद त्यातच होतात. पण कळसाच्या उंचीची चर्चा चार बैठकांत होते आणि खांबातल्या रिंगा कोणी मोजत नाही. जुन्या दगडी गाभाऱ्याच्या भिंतींवरच जड स्लॅब टाकतात, त्या भिंतीने पोट काढले आहे का हे न पाहता. स्लॅब भरला त्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि पुढे पाणी मारायला माणूस नसतो. हजार माणसे ज्या छताखाली माउलीचे नाव घेणार, ते छत बांधणे हीही सेवाच आहे. बहिणाबाईंनी आपल्या संप्रदायाला इमारतीची उपमा दिली. पाया कोण झाले, खांब कोण झाले, कळस कोण झाले, ते आपण नित्य गातो. त्या उपमेत पाया आधी आणि कळस शेवटी येतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा आपल्या अंबाजोगाईकडे. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांची ही भूमी. दासोपंतांची पासोडी आपण ऐकून आहात, कित्येकांनी पाहिलीही असेल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून ठेवला. पासोडी म्हणजे आपल्याकडचे जाडेभरडे दुहेरी पांघरूण. दोन थर, आणि त्यांना आरपार जाणारा टाका. टाका उसवला की दोन फडकी वेगळी होतात आणि थंडी आत शिरते. आरपार दगड हा भिंतीचा टाका आहे. आईने गोधडी शिवताना जे केले तेच गवंड्याने भिंत बांधताना करायचे आहे.

आणि शेवटी मंगळवेढ्याला जाऊ. गावकूस म्हणजे काय? गावाची भिंत. तिला एक आतले अंग आणि एक बाहेरचे. आत राहणाऱ्यांचे गाव, आणि बाहेर चोखोबांची वस्ती. ज्या कुसाच्या आत त्यांना घर नव्हते, ते कूस सांधायला त्यांनाच बोलावले. दोन अंगे एकमेकांना टेकून उभी, मध्ये शतकांचा भराव, आणि दोघांना धरणारे काही नाही. अशी भिंत केवळ मंगळवेढ्यात नव्हती, गावोगाव होती. दुरून ती भक्कम दिसे. तिचे ओझे मात्र बाहेरच्यांवर पडे, आणि ती पडली तेव्हाही त्यांच्यावरच पडली.

नामदेवराय तिथे गेले, हाडे उचलली आणि थेट महाद्वारासमोर आणून ठेवली. गावकुसाबाहेरच्या माणसाची समाधी देवाच्या दाराशी. हे मला त्या भिंतीत घातलेल्या आरपार दगडासारखे दिसते. एक तोंड बाहेर, एक तोंड आत, दोन्ही अंगांना धरून ठेवणारे. संतांनी समाजाची भिंत पाडून टाकली नाही. त्यांनी घण घातला नाही. हलक्या हाताने जागा केली आणि नेमक्या ठिकाणी सांधा बसवला. किल्लारीनंतर आमच्या गवंड्यांनी जुन्या घरांत जे केले, ते याच रीतीने केले.

पण एका आरपार दगडाने सगळी भिंत सांधली जात नाही. तो थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा हवा. दर पिढीत हवा, दर गावात हवा. दिंडीत कोणाच्या शेजारी कोण चालतो, पंगतीत कोण कोणाला वाढतो, सप्ताहाच्या बैठकीत कोणाला बोलावणे जाते, तिथे तो घालायचा असतो. चोखोबांच्या समाधीपाशी माथा टेकवून आपल्याच गावात आतले आणि बाहेरचे वेगळे ठेवले, तर आपल्या भिंतीने पोट काढलेले आहे असे समजावे.

वाचकहो, आपले घर जुन्या दगडाचे असेल तर या उन्हाळ्यात त्याच्या भिंतीच्या कडेने एकदा नजर लावून पाहा. कुठे फुगवटा दिसतो का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, माळवदावर किती माती साठली आहे. शंका आली तर जाणत्या गवंड्याला बोलवा, पावसाळ्याची वाट पाहू नका. गावच्या मंदिराची भिंतही तशीच पाहा. वर्गणीतले चार पैसे कळसाआधी तिच्यावर खर्च करा.

रामकृष्ण हरी.